नाव ठेवण्याआधी

किल्ली अजून खिशातच असू द्या.

साताऱ्यात पहाटेचे साडेपाच वाजलेत. अजिंक्यताऱ्याची नुसती कड दिसतेय. शेजारी कुणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी झाली. गाडी दारात साइड स्टँडवर कललेली आहे, तिच्याजवळ पायरीवर बसा. आज कासपर्यंत चढायचं, त्याच वाटेनं उतरायचं, मग महामार्ग धरून कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगली, आणि दिवस मावळायच्या आत मिरज. घाई कशाचीच नाही.

गेले काही दिवस गाडीतून कसलातरी आवाज येतोय. मित्राला सांगितलंत, तर त्यानं फोनवरच तीन आजार सांगितले, तिन्ही महागडे. तेव्हापासून गाडी सुरू केली की कान आवाजाकडे आणि जीव पाकिटाकडे. अशा कानाला भीतीच ऐकू येते, दुसरं काही नाही. म्हणून ती तीन नावं आधी बाजूला काढू. आपल्याकडे नाव दोन प्रकारे ठेवतात, एक बारशाला आणि एक माणसाची पाठ फिरल्यावर. गाडीच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा दोन्ही एकदमच उरकून टाकतो.

श्वास जरा खाली बसू द्या. मग उठा.

गाडी न्यूट्रलला आणा. मागच्या टायरवर खडूनं एक रेघ ओढा. स्टँड वर करा आणि इंजिन बंद ठेवूनच, चालत, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकला. हळू. म्हातारं माणूस देवळात जातं त्या चालीनं.

लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं. चेन चाकापेक्षा सावकाश फिरते. तिची एक फेरी पुरी व्हायला चाकाच्या अडीच फेऱ्या लागतात, म्हणजे जवळजवळ पाच मीटर. आणि इंजिनाकडचं छोटं स्प्रॉकेट चाकाच्या तिपटीनं फिरतं, दर दीड हाताला एक फेरी. एवढी तीन मापं डोक्यात ठेवा आणि ऐका.

खडूची रेघ वर आली की दर खेपेला ‘श्शक’ होतंय का? मग ते चाकाचं दुखणं आहे, डिस्कला कुठंतरी किंचित बाक आलाय. पाच मीटरला एकदाच ‘कट्’ होतंय? चेनच्या एखाद-दुसऱ्या कडीनं गंज धरलाय, ती वळताना अडते. दीड हाताला? पुढचं स्प्रॉकेट बघायला हवं. त्याच्यावर झाकण असतं, म्हणून त्याची विचारपूस कुणी करत नाही. आणि आवाज न तुटता सलग येत असेल, ढकलताना गाडी जडही लागत असेल, तर पॅड डिस्कला धरून बसलेत. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या की असं होतं. हलकंसं घासणं मात्र चालायचंच. डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत, तशी त्यांची रचनाच आहे. रात्रभर पाऊस झालेला असला तर पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतातच. डिस्कवर चढलेला गंजाचा पापुद्रा पुसला जातो आणि विषय संपतो. साताऱ्याचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला हे सांगायची गरज नाही, पण नवी गाडी घेतलेले लोक पहिल्या जूनमध्ये घाबरतात खरे.

इंजिन सुरू केलेलं नाही, एक पानाही उचललेला नाही, आणि तरी आवाज चाकाचा, चेनचा की ब्रेकचा हे कळायला लागलं. त्याचं नाव अजून आपण घेतलेलं नाही. तो कितीदा येतो, एवढंच मोजलं.

आता किल्ली लावा.

गार इंजिन सुरू करा आणि एक मिनिट काहीही करू नका. ॲक्सिलरेटर पिळू नका. भजनाला बसल्यावर सुरुवातीला सगळं एकच वाटतं, मग हळूहळू पखवाज वेगळा होतो, टाळ वेगळे होतात, पेटी मागून कानावर येते. तसंच इथंही होऊ द्या. सायलेन्सरचा भरीव आवाज खाली आहे. त्याच्यावर टाळांसारखं बारीक काहीतरी टिकटिकतंय. मध्येच खुळखुळ आहे का? एक-एक करून त्यांच्याजवळ जा.

इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्या घेत असलं तर क्रँक सेकंदाला वीस वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व दहा वेळा उघडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं हे गणितच आहे, व्हॉल्वचा हिशेब क्रँकच्या निम्म्यानं चालतो. एवढे ठोके कान मोजू शकत नाही, पण लय ओळखतो. टॅपेटचा आवाज ठायीतला. क्रँकशी जोडलेलं काही वाजत असेल तर ते दुगुणीत. संगीत शिकलेल्या माणसाला हा फरक पटकन लागतो. बाकीच्यांनी गाडीजवळ रोज पाच मिनिटं बसावं, महिन्याभरात लागतो.

आता क्लच दाबा. आवाज गेला? किंवा उलट, दाबल्यावरच आला? मग शोध क्लचच्या बाजूला घ्यायचा. सोडा. इंजिन तापू द्या. गार असताना ठकठक होती आणि तापल्यावर विरली, तर पिस्टन गार असताना बोअरमध्ये जरा सैल असतो, तापला की फुगून नीट बसतो, त्यातलं काही असेल. ते फार दिवसांचं नसलं तर झोप उडवायचं कारण नाही. ॲक्सिलरेटर सोडताना साखळी हलवल्यासारखी खुळखुळ ऐकू येत असली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर यांच्याकडे बघावं लागेल. यातलं काहीच आज नक्की करायचं नाहीये. आज फक्त कोण कुणाबरोबर येतं आणि कुणाबरोबर जातं, तेवढं बघायचं.

गॅरेजमध्ये यासाठी डिसमिस वापरतात. लांब डिसमिस घ्यायचा, टोक इंजिनाच्या एका बोल्टवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आवाज डोक्यातच सुरू झाल्यासारखा वाटतो. टोक हातभर सरकवलं की तोच आवाज निम्मा होतो किंवा दुप्पट. फ्रान्समधल्या लेनेक नावाच्या डॉक्टरनं १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. आपल्या मिस्त्री लोकांचा डिसमिस त्याच घराण्यातला. फिरत्या चेनपासून आणि तापल्या सायलेन्सरपासून बाह्या लांब ठेवा, म्हणजे झालं.

टॅपेटबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण टॅपेट हा सगळ्यांचा लाडका आरोपी. टॅपेटची फट वहीच्या कागदाच्या जाडीएवढी असते, एक मिलिमीटरचा दहावा भाग, थोडा इकडे-तिकडे. ती वाढली की तो वाजतो. कमी झाली की गप्प बसतो, आणि हे गप्प बसणं जास्त वाईट. व्हॉल्व पुरता मिटत नाही, तापतो, शेवटी जळतो. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी.

माझीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीत टिकटिक सुरू झाली. मी सरळ एका गॅरेजात गेलो आणि काउंटरवरच सांगितलं, “टॅपेट वाजतोय.” त्यांनी टॅपेट सेट केले. आठ दिवसांत टिकटिक परत. मी पुन्हा तेच सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच केलं. त्यांचा दोष काही नव्हता. आजाराचं नाव मीच लिहून दिलं होतं, त्यांनी औषध दिलं. शेवटी साताऱ्यातल्याच एका जुन्या मिस्त्री मामांकडे गेलो. या मामांचा कान प्रिया स्कूटरवर तयार झालेला. महाराष्ट्र स्कूटर्स ही १९७५ साली स्थापन झालेली कंपनी, तिचा कारखाना साताऱ्यात, आणि प्रिया तिथंच बनायची. टू-स्ट्रोक गाडी ती, तिला व्हॉल्वच नाहीत. ज्याची अर्धी हयात टॅपेट नसलेल्या इंजिनात गेली, त्याला टॅपेट या शब्दाचा मोठा संशय.

“टॅपेट कुणी सांगितलं?”

“मीच.”

“मग तुम्हीच खोला की सर. मी च्या पिऊन येतो.”

च्या पिऊन आले, गाडी गार व्हायची वाट बघितली, सुरू केली आणि ओल्या फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरला. टिकटिक एकदम मोठी झाली. बोळा काढला, कमी झाली. इंजिनाला बेंड पाइप जिथं मिळतो तिथं बोट दाखवलं. काळं झालं होतं. आतला गॅस्केट गेलेला, त्या फटीतून दर फायरिंगला हवा फुटत होती. दर फायरिंगला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. लय नेमकी टॅपेटचीच. मला आवाज बरोबर ऐकू आला होता. त्याच लयीत आणखी कोण वाजू शकतं, हे विचारायचं राहिलं होतं.

आता निघू या.

गाव संपता संपताच यवतेश्वरचा घाट लागतो. मुद्दाम एक गिअर वरचा राहू द्या आणि चढावर ॲक्सिलरेटर थोडा जास्त द्या. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज आला? पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता स्वतःहून पेट घेतंय, इंजिनावर त्याच्या पेलण्याबाहेर भार पडलाय. गिअर खाली टाका. गेला? मग गाडीला बरं करायचं कारण नाही, चालवणाऱ्यानं हात सुधारावा. गिअर खाली टाकूनही खालून, पायाशी, हातोडीसारखा जड ठोका येत राहिला आणि भाराबरोबर वाढत गेला, तर हे वाचणं तिथंच थांबवा आणि गाडीही. कनेक्टिंग रॉडच्या दुखण्यात पुढचे दहा किलोमीटर फार महाग पडतात.

घाट चढून पठारावर आलात की डावीकडे समर्थ रामदासांचा सज्जनगड दिसतो. पाच मिनिटं थांबा. इंजिन बंद. हेल्मेट काढा. कानात वारा भरला असेल तो जाऊ द्या. जुन्या लोकांनी श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम लावला. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ नवविधा भक्ती सांगतात, तीही श्रवणापासूनच सुरू होते. मी तसा देवधर्मातला माणूस नव्हे, पण हा क्रम मला पटतो. आपण मात्र मननापासून सुरुवात करतो, आणि तेही दुसऱ्याचं ऐकून.

कास बघून परत फिरा. खरी परीक्षा आता, उतारावर.

सातारा आणि कास यांच्या उंचीत साडेचारशे मीटरच्या आसपास फरक आहे. गाडी, सामान आणि तुम्ही मिळून पावणेतीनशे किलो धरू. एवढं ओझं एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सोडावी लागते तिच्यावर साडेतीन लिटर गार पाणी उकळेल. चहाच्या टपरीवरचं मोठं पातेलं डोळ्यांपुढे आणा. ही उष्णता कुणीतरी खायला हवी. काही वारा खातो, खालचा गिअर ठेवलात तर बरीचशी इंजिन खातं, उरलेली त्या दोन ताटलीएवढ्या डिस्क आणि बिस्किटाएवढे पॅड.

घाटाच्या वळणाआधी ब्रेक दाबा आणि त्यातला सूर आणि ताल वेगळे करा. गाडीचा वेग कमी होताना आवाजाची लय सुटी होत गेली, शक-शक-शक, मग शक… शक… अशी, तर तो फिरणाऱ्या गोष्टीचा ताल आहे. सकाळी खडूनं मोजला होतात तोच. पण पातळ, कर्कश किंचाळी येत असेल, आणि गाडी मंदावली तरी तिचा सूर खाली येत नसेल, तर ते वेगळं प्रकरण. सारंगीवर गज ओढताना घर्षणानं तार कापते, त्याच जातीचं हे कंपन आहे. गज हळू ओढला म्हणून सूर उतरत नाही, तो तारेचा असतो. किंचाळीचा सूर पॅडचा, कॅलिपरचा, डिस्कचा. चाकाच्या वेगाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. धूळ बसली असेल, पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा झाला असेल, पॅडच्या पाठीमागची पट्टी कुणी साफ करताना लावायची विसरलं असेल. कानाला नकोसं, जिवाला सहसा धोका नाही. धोक्याचा आवाज निराळा: लोखंडावर लोखंड, ऊस चरकात गेल्यासारखा करकराट. पॅडचा मसाला संपून मागचा पत्रा डिस्कला लागलाय. त्यावर मनन करायचं नसतं.

आणि सगळ्यात मोठा धोका आवाजच करत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी मुरल्यावरची तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की कॅलिपर तेवढा तापू शकतो. ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढच्या वळणावर लिव्हर मऊपणे मुठीला येऊन टेकतो. ना किंचाळी, ना खरखर. म्हणून उतारावर कानाइतकीच बोटंही जागी ठेवा. लिव्हर सकाळी जिथं कडक होत होता तिथंच होतोय ना? ते बोटांना विचारा.

कऱ्हाडपर्यंतचा महामार्ग आणि पुढं पेठ नाक्यावरून सांगलीकडचा रस्ता, इथं बोलण्यासारखं कमी. गाडी एका वेगात ठेवा. गुंगाट येत असेल तर क्षणभर क्लच दाबून गाडी वाहू द्या. गुंगाट तसाच राहिला तर इंजिन निर्दोष. मग चाकाचं बेअरिंग बघून घ्यायचं. मोठ्या गुठळ्यांचे टायर असतील तर काँक्रीटवर ते गातातच. आणि टाकीवर टकटक वाजत असेल तर आधी टँकबॅगच्या पट्ट्याचं बक्कल बघा. त्या बक्कलापायी मी एकदा आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत अर्धा तास उभा होतो. लाज वाटावी असा अर्धा तास.

मिरज.

सतारमेकर गल्लीत गाडी लावा. हे काम इथं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या घराण्यानं सुरू केलं. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच गावात, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. पण आपण आलोय ते जवारी, म्हणजे घोडीला घासून तारेला येणारा झणकार, ऐकायला.

दुकानात एक कारागीर तंबोरा मांडीवर घेऊन बसलाय. तार छेडतो. कोरडा, बंद आवाज. तार ढिली करून बाजूला सारतो, तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या पाठीवर कानस दोनदा, फक्त दोनदा, फिरवतो. फुंकर. तार परत जागेवर. छेडतो. मान हलवत नाही, काही नाही. पुन्हा तेच. घोडीची पाठ अगदी किंचित गोलसर असते. कापणारी तार तिला सतत चाटून जाते, टेकण्याची जागा क्षणाक्षणाला बदलते आणि त्या घासण्यातून वरचे सूर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली अशाच घोडीबद्दल लिहिलं होतं: नेहमीच्या नियमानं जे सूर तारेत उमटायला नकोत, ते इथं उमटतात. मग कारागीर सुताचा एक धागा तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवतो, नखानं केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तंबोरा उघडतो. खोली भरून जाते.

गाडीच्या भाषेत बोलायचं तर ही तार चक्क घोडीवर वाजतेय. मामांकडे नेली असती तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, “वाजतेय म्हणून सांगितलं कुणी?”

बाहेर या. गाडीजवळ उभे राहा. किल्ली केव्हाच खिशात गेलीय, तरी सायलेन्सरच्या बाजूनं टिक… टिक… चाललंय. दिवसभर तापलेला पत्रा गार होताना आकसतोय. आतून पुन्हा तंबोरा छेडल्याचं ऐकू येतं. दोन टिकटिकींमधलं अंतर मोजा. मघाशी दोन सेकंद होतं. आता चार. आता सात.